रूबीची शाळा अजून भरते!

परवा लेकीच्या पुस्तकात रूबी ब्रिजेस दिसली. १४ नोव्हेंबर १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत निघालेली. लेकीनं विचारलं, "ती शाळा अजून आहे?"

आहे! पण २००५ साली कतरिना वादळात तिच्यासकट शहरातल्या बहुतेक सरकारी शाळांचं नुकसान झालं.

मग राज्यानं शंभरावर शाळा ताब्यात घेतल्या. हजारो शिक्षकांना कामावरून काढलं गेलं. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. मी स्वतः शिक्षिका, मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

शाळा 'चार्टर' झाल्या: पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळांचा. निकाल सुधारले, पण अनेकांची घराजवळची शाळा दुरावली. २०१८ मध्ये त्या पुन्हा स्थानिक शिक्षण मंडळाच्या देखरेखीखाली आल्या.

चार्टर पद्धतीबद्दल काही विचारायचंय? जरूर विचारा.