एसएसडी झिजते, पण किती?

‘एसएसडी नका टाकू, ती झिजते. तीन वर्षांत फेकून द्यावी लागते.’ शेजारच्या काकूंना दुरुस्तीवाल्याने हे सांगितलं आणि वर नवा लॅपटॉप घ्यायचा सल्ला दिला. काकूंनी तो घेतलाही. पेन्शनमधून साठवलेले पैसे गेले. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर धडधाकट होता, रॅम पुरेशी होती, मंद होती ती फक्त हार्ड डिस्क. हेच वाक्य मी भाच्याच्या मित्रांकडून ऐकलं आहे, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडूनही, आणि दर वेळी चीड येते. कारण ते अर्धं खरं आहे आणि तेवढ्या बळावरच तग धरून आहे.

खरा भाग आधी सांगतो. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत माहिती साठवायची म्हणजे अतिशय पातळ थरापलीकडे विद्युतभार ढकलून तो तिथे कोंडून ठेवायचा. पुसून पुन्हा लिहिलं की तो थर दर वेळी किंचित खराब होतो. म्हणून प्रत्येक पेशीला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते. एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसी प्रकारात ती साधारण हजार ते तीन हजार वेळा, चार बिट ठेवणाऱ्या क्यूएलसीत त्याहून कमी. ‘हजारच?’ असं वाटून लोक इथेच घाबरतात. पण एसएसडीतली कंट्रोलर चिप लिहिण्याचा भार सगळ्या पेशींवर वाटून देते, एकच जागा रोज घासली जात नाही. आणि झीज होते ती लिहिण्याने. सिनेमा बघणं, फोटो उघडणं, विंडोज सुरू होणं हे मुख्यतः वाचन आहे, त्याने झीज होत नाही म्हटलं तरी चालेल.

आता हिशेब करू. एकूण किती टेराबाइट लिहिलं जाईपर्यंत वॉरंटी लागू राहील, हा आकडा कंपन्या स्वतःच जाहीर करतात. त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. क्रुशियलची बीएक्स500 ही स्वस्तातली एसएसडी, तिच्या 480 जीबीच्या प्रकाराला 120 टीबीडब्ल्यू आहे. घरी रोज 20 जीबी लिहिलं जातं असं धरू. पत्रं, बिलं, ब्राउझर आणि मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या एवढ्यासाठी हा आकडा मी मुद्दाम चढा धरला आहे. तरी 6000 दिवस होतात, म्हणजे सोळा वर्षांहून जास्त. सॅमसंगच्या 870 इव्होला 500 जीबीत 300 टीबीडब्ल्यू आहे, तिथे हाच हिशेब 41 वर्षांवर जातो. त्याआधी लॅपटॉपची बॅटरी, कीबोर्ड आणि बिजागरी यांची किती वेळा दुरुस्ती होईल, याचा विचार करा.

‘कंपनीच्या आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा?’ असा प्रश्न येतोच. ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने 2013 ते 2015 या काळात 240 ते 256 जीबीच्या सहा एसएसडी मरेपर्यंत लिहून पाहिल्या. सहाही 700 टेराबाइटच्या पुढे गेल्या, शेवटची 2.4 पेटाबाइटनंतर बंद पडली. त्या काळची मेमरी आजच्या स्वस्त मालापेक्षा वेगळी होती, म्हणून ते आकडे जसेच्या तसे आजच्या एसएसडीला लावू नयेत. पण घरगुती वापर त्यांच्या आसपासही फिरकत नाही.

दुसरा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गूगलच्या दोन संशोधकांसह 2016 साली गूगलच्या डेटा सेंटरमधल्या सहा वर्षांच्या वापराचा अभ्यास मांडला. बदलाव्या लागण्याचं प्रमाण एसएसडीत हार्ड डिस्कपेक्षा कमी निघालं. दुरुस्त न होणाऱ्या त्रुटी मात्र एसएसडीत जास्त होत्या, आणि कितीही कमी लिहिलं तरी वयाचा परिणाम वेगळा दिसत होता.

म्हणजे एसएसडी बिघडते, पण घरात ती बहुधा झिजून बिघडत नाही. कंट्रोलर किंवा त्याचं फर्मवेअर दगा देतं आणि कालपर्यंत नीट चालणारी डिस्क आज दिसतच नाही. हार्ड डिस्क अनेकदा आधी कुरकुरते, तेवढी सूचनाही इथे मिळत नाही. काळजी करायची तर याची करा आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. लोक करतात उलटंच. ‘झिजू नये’ म्हणून विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर ठेवतात आणि एसएसडी ‘महत्त्वाच्या फायलींसाठी’ राखून ठेवतात. ज्या कामासाठी पैसे मोजले, तेच काम तिच्याकडून काढून घेतलं!

‘सात हजारांची घ्या, साडेपाचशेची संथ असते’ हेही सारखं कानावर येतं. हे आकडे रुपयांचे नाहीत, सेकंदाला किती एमबी याचे आहेत, आणि तेही एकसलग मोठी फाइल हलवतानाचे. रोजच्या कामात डिस्क हजारो बारीक तुकडे शोधत असते. मिनिटाला 7200 फेरे घेणारी हार्ड डिस्क योग्य जागा समोर येण्यासाठीच सरासरी चार मिलिसेकंद थांबते, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. एसएसडीला एकूण मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. सगळा फरक इथे पडतो, आणि तो सॅटा जोडणीच्या साध्या एसएसडीनेही पडतो.

खरेदीबाबत आणखी काही गोष्टी. एम.2 आकाराची प्रत्येक एसएसडी वेगवान एनव्हीएमई जोडणीची नसते, काही सॅटाही असतात. तुमचा स्लॉट काय घेतो ते विकत घेण्याआधी पाहा.

क्यूएलसी टाकाऊ नाही, पण तिची मर्यादा माहीत हवी. सॅमसंगच्या 1 टीबी 870 क्यूव्हीओचा जलद राखीव भाग भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला 80 एमबीवर येतो. भाव जवळपास सारखा असेल तर टीएलसीच घ्या.

वापराबाबतही गैरसमज आहेत. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं, नको. विंडोज 8 पासून ‘ऑप्टिमाइझ’ हे काम डिस्क ओळखूनच होतं.

एसएसडी कपाटात ठेवली की आठवडाभरात माहिती पुसली जाते, हीही अफवाच. जेडेक या मानक संस्थेच्या नियमानुसार घरगुती एसएसडीने लिहिण्याची मर्यादा गाठल्यावरही 30 अंश तापमानात, विजेविना, वर्षभर माहिती टिकवली पाहिजे.

500 जीबीच्या डिस्कवर 465 दिसतात तेव्हा दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

फसवणूक होते ती वेगळीकडे. कवडीमोल भावात ‘16 टीबी पोर्टेबल एसएसडी’ दिसली तर हात लावू नका. अशा डब्यांत छोटं मेमरी कार्ड निघालेलं आहे आणि फर्मवेअर खोटी क्षमता दाखवतं. सुरुवातीच्या फायली नीट बसतात, म्हणून महिनोन्महिने संशयही येत नाही, आणि नंतरचे फोटो उघडतच नाहीत. शंका असेल तर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम चालवा. तो डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतो. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, त्यामुळे माल परत करायची मुदत संपायच्या आत तो लावा.