आकसलेला टॉप आणि व्यापाऱ्याचे माप

नृसिंहवाडीच्या बाजारात बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी खपते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पौर्णिमेच्या दिवशी तेथे तयार कपडेही बरेच खपतात, याकडे आपल्या व्यापारी बंधूंचे फारसे लक्ष जात नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नानाला आलेल्या बायका ओल्या होतात, मुलांना सांभाळता सांभाळता अंगावरचा कपडा चिखलाने भरतो, बदलायला आणलेला जोड कमी पडतो. मग घाटावरून वर येताना लागणाऱ्या दुकानात रोज वापरायचा सुती टॉप घेतला जातो. पूर्वी या गिऱ्हाइकाला लुगडे-साडीच लागत असे. १९९० नंतर पंजाबी ड्रेस खेड्यापाड्यांत पोहोचला आणि आता लेगिंगवर घालायचा सुती टॉप हा सासू-सून दोघींचा रोजचा पोशाख झाला आहे.

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीचे सुती कापड घ्यायचे, प्रोसेसला द्यायचे, शिवून घ्यायचे आणि शिरोळ तालुक्यातल्या दुकानांना पुरवायचे. वाडीतली काही दुकाने आमचा माल ठेवतात. या मालाचे फिटिंग कसे असते आणि कसे असावे, याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते. यात पहिली चूक माझी स्वतःचीच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एका बाईची तक्रार

२०१८ च्या दत्तजयंतीला मी वाडीत वसुलीसाठी गेलो होतो. दुकानात सोलापूरकडची एक बाई पिशवीतून दोन टॉप काढून दाखवत होती. म्हणाली, "भाऊ, गेल्या दत्तजयंतीला हितनंच नेलं होतं. दोन धुण्यात गुडघ्याच्या वर आलं बघा. काखेत तर काचतंयच." दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ताई, गरम पाण्यात भिजवले असणार. सुती कपड्याला थंड पाणी लागते." ती म्हणाली, "नदीवर धुते मी. नदीला कोण पाणी तापवतंय?" आम्ही दोघे हसलो आणि विषय संपला. यात्रेचे गिऱ्हाईक वर्षातून एकदा येते. ते भांडायला थांबत नाही, त्याला एस.टी. गाठायची असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. शिरोळ तालुक्याने २००५ चा पूर पाहिला होता, पण हे पाणी त्याहून वर गेले. नदीकडच्या सखल भागात असलेल्या आमच्या गोदामातले खालचे सगळे गठ्ठे भिजले. पाणी ओसरल्यावर माल बाहेर काढला, स्वच्छ धुऊन वाळवला. काही स्नेह्यांनी सल्ला दिला की कडक इस्त्री करा, नवी पिशवी घाला, लांबच्या बाजारात काढून टाका. कोणाला कळणार आहे?

त्या वेळी मला ती प्रसिद्ध हदीस आठवली, जी सहीह मुस्लिममध्ये आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा शाळेत ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, तर आतले धान्य ओले निघते. विकणारा म्हणतो की पावसाने भिजले. त्यावर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषित (स.) त्याला विचारतात आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावतात. आमच्या मालाची अवस्था अगदी तशीच होती. दुकानापुढे पाटी लावली, 'पुरात भिजलेला माल, धुतलेला, निम्म्या दरात'. माल गेला. नुकसान झाले, पण झोप लागली.

त्याच वेळी एक गोष्ट उघड झाली. त्याच लॉटचे काही नग दुकानाच्या वरच्या फळीवर कोरडे राहिले होते. पुरातला टॉप आणि कोरडा टॉप शेजारी ठेवून टेप लावली. कोरड्याची लांबी ४६ इंच, भिजलेल्याची पावणेचव्वेचाळीस. छाती ४२ ची साडेचाळीस झाली होती. पुराचे पाणी काही गरम नव्हते. सोलापूरची बाई खरे बोलत होती आणि मी तिला चारचौघांत खोटे पाडले होते.

कापड आकसते का?

मागावर उभा धागा, म्हणजे ताणा, ताणून धरलेला असतो. पुढे धुलाई, रंगाई, छपाई यांतही कापड लांबीच्या दिशेने ओढलेलेच राहते. घरी पहिल्यांदा भिजले की तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी येते. म्हणून आडव्यापेक्षा उभ्यात ते जास्त आकसते. याला उपाय जुना आहे. सॅनफोर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास वाफ आणि पट्ट्याच्या साहाय्याने कापड आधीच आकसवून घेण्याची रीत काढली. त्यालाच आपण सॅनफोराइज म्हणतो.

मग सगळे हे का करून घेत नाहीत? कारण कापड मीटरवर विकले जाते. १०० मीटर आकसवले की ९५ उरतात. गेलेले पाच मीटर कोणी सोसायचे, यावर सगळे अडते. शेवटी कोणीच सोसत नाही आणि ते पाच मीटर गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतात. हिशेब करून पाहा. मीटरचा दर ६० रुपये धरला तर पाच मीटरचे ३०० रुपये झाले. १०० मीटरमध्ये सव्वादोन मीटरचा एक याप्रमाणे ४४ टॉप निघतात. म्हणजे एका टॉपमागे सुमारे सात रुपये, आणि वर प्रोसेसची मजुरी. या सात रुपयांसाठी आम्ही त्या बाईचे दोन टॉप निकामी केले.

उर्दू शाळेत आम्हाला सूरह मुतफ्फिफीन पाठ करून घेतली होती. तिच्यात माप मारणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. आम्ही समजत होतो की ती तागडीवाल्यांसाठी आहे. कापडाची गजकाठी आणि टॉपच्या गळ्यातला साइजचा लेबल हीसुद्धा मापेच आहेत, हे ध्यानात यायला मला पन्नाशी उलटावी लागली.

बाजारातला माल कसा आहे?

अलीकडे एका पौर्णिमेला मी वाडीतून वेगवेगळ्या ठिकाणचे सहा टॉप विकत घेतले. जयपूरची छपाई, सुरतेचा माल, मुंबईकडचा माल आणि दोन आपल्याच भागात शिवलेले. घरी तीन वेळा धुऊन घेतले, घरातल्या बायकांना घालायला दिले. त्यातून जे दिसले ते सांगतो.

पहिली गोष्ट कापडाची. सहांपैकी दोन टॉप 'प्युअर कॉटन' म्हणून मिळाले, ते रेयॉनचे निघाले. रेयॉन वाईट नाही, मऊ असते, झुळझुळीत पडते. पण ते सुती नव्हे. जाळून पाहिले तर दोन्ही कागदासारखे जळतात, म्हणून फसगत होते. सोपी परीक्षा अशी: शिवणीच्या आतल्या कापडातून एक धागा काढा, मधोमध ओला करा आणि ओढा. सुती धागा ओला झाला की बळकट होतो. रेयॉनचा ओल्या जागीच पटकन तुटतो. पॉलिएस्टर असेल तर जाळल्यावर काळी कडक गोळी राहते. 'कॉटन टच', 'कॉटन फील' हे शब्द दिसले की समजावे, बहुधा मामला वेगळा आहे.

दुसरी गोष्ट मुंढ्याची. तक्रार सर्वांत जास्त येथेच असते आणि समज सर्वांत चुकीचा येथेच आहे. मुंढा खोल कापला की हात मोकळा राहतो, असे आपले बरेच कारागीर मानतात. प्रत्यक्षात उलटे घडते. मुंढा खाली गेला की बाही खालून धरली जाते. हात वर केला की सगळा टॉप वर ओढला जातो. एस.टी.चा दांडा धरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, नमाजमध्ये हात उचलताना हीच अडचण येते. मुंढा काखेच्या जवळ आणि बाहीचा माथा पुरेसा रुंद, असे असले तर हात सुटतो. आपल्या जुन्या कळीच्या कुर्त्यात काखेखाली बगल नावाचा चौकोनी तुकडा लावत. तो उगीच नव्हता. उरलेल्या कापडात निघणाऱ्या त्या तुकड्याने अर्धी तक्रार मिटते.

तिसरी गोष्ट तीऱ्याची. मोठा साइज करताना छाती दोन इंच वाढली की तीराही तेवढाच वाढवून मोकळे होतात. माणूस जाड झाला म्हणून त्याचा खांदा तेवढा रुंद होत नाही. छातीला दोन इंच वाढवले तर तीऱ्याला अर्धा इंच पुरतो. नाहीतर डबल एक्सएल घालणाऱ्या बाईचा खांदा दंडावर उतरतो आणि गळा एका बाजूला घसरतो. सहांपैकी चार टॉपमध्ये हा दोष होता.

चौथी गोष्ट गळ्याची आणि शिलाईची. गळ्याच्या पट्टीत घातलेला बकरम आकसत नाही, भोवतीचे सुती कापड आकसते, मग पहिल्याच धुण्यात गळ्याला सुरकुत्या पडतात. पॉलिएस्टरच्या दोऱ्याने ताणून मारलेल्या टिपेचेही तसेच. पट्टी उरेब कापावी, अस्तर आणि पट्टी आधी भिजवून घ्यावी. आणखी एक: आत माया ठेवण्याची पद्धत बंद होत चालली आहे. ओव्हरलॉकला लागून टीप मारली की टॉप उसवून वाढवता येत नाही. बाजूला निदान पाऊण इंच माया असेल तर गल्लीतला मास्तर तो टॉप गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवून देऊ शकतो. त्यालाही काम मिळते.

पाचवी गोष्ट लांबी, बाही आणि साइड कटाची. आपल्या माताभगिनींना पूर्ण लांबीचा, पाऊण किंवा पूर्ण बाहीचा, अंग न दिसणारा टॉप लागतो. ही मागणी फक्त मुस्लिम घरांतली आहे असे समजू नये. वाडीला येणारी गावाकडची प्रत्येक बाई हेच मागते. पण कापड वाचवण्यासाठी बाही आखूड होते आणि साइड कट कमरेपर्यंत चढतो. पातळ कापडाला अस्तर नसते. कट नितंबाखालून सुरू व्हावा आणि टोकाला दुहेरी टीप असावी. एक खिसा द्यावा. मोबाइल ठेवायला बायका तो मागतातच.

राहिला रंग. पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर घासावा. रुमाल रंगला तर तो माल ठेवूच नये. एका टॉपने आमच्या घरातल्या बाकीच्या कपड्यांनाही रंग दिला.

साइजचा घोळ

एल म्हणजे ४०, पण ४० काय? काही कारखाने अंगाचे माप लिहितात, काही टॉपचे. न ताणणाऱ्या सुती कापडात अंगापेक्षा तीन-चार इंच लूज लागतो. अंग ४० चे असेल तर टॉप ४३-४४ हवा. टॉपच ४० चा असेल तर तो त्या बाईला होणारच नाही. भारतीय शरीरांची मापे घेऊन आपल्या देशाचा साइज ठरवावा म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेने 'इंडिया साइज' नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरांत २५ हजारांहून अधिक लोकांची मापे घेण्याचे ठरले होते. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. लेबलवर दोन ओळी छापायला पैसे लागत नाहीत: अंगाची छाती इतकी, टॉपची लांबी धुतल्यानंतर इतकी.

महागाईची आणि कराची सबब सांगितली जाते. रोजच्या वापराचा टॉप पूर्वी हजार रुपयांच्या आत असल्याने पाच टक्के जी.एस.टी.तच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती मर्यादा अडीच हजारांपर्यंत गेली आहे. तेव्हा या मालापुरती तरी कराची सबब लागू पडत नाही.

कारागीर बंधूंना विनंती

वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले, त्यांच्यामागे लखनौचे दर्जीही गेले. नबाबी संपली, पण त्या दर्ज्यांच्या वस्तीतून आज मोठा तयार कपड्यांचा बाजार उभा आहे. आपल्याकडे इचलकरंजीला १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि आज कापड आपल्या दारात विणले जाते. शिवणारे हात आपल्याकडे आहेत, गिऱ्हाईक दर पौर्णिमेला पायी चालत येते. उणीव आहे ती मापाची.

म्हणून एवढे करा. तागा कापण्याआधी एक रात्र भिजवा किंवा आकसवलेलेच कापड घ्या. साइजचा फर्मा एकदा नीट बनवा आणि पाच बायकांना घालून तपासा. रेयॉनला रेयॉन म्हणा. नगावर मजुरी देणाऱ्यांनी बगल आणि माया यांचे दोन रुपये कारागिराला वेगळे द्यावेत. नाहीतर तो ती ठेवणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. आम्ही २०१९ नंतर आकसवलेले कापड घेतो. टॉपचा दर दहा रुपयांनी वाढला. पहिल्या वर्षी दोन दुकाने सुटली, त्यातले एक परत आले.

त्या सोलापूरच्या बाईसाठी वाडीच्या दुकानात दोन टॉप काढून ठेवले होते, तिच्या मापाचे, धुऊन घेतलेले. २०१९ च्या दत्तजयंतीला ती आली नाही, निदान त्या दुकानात तरी नाही. पुढच्या वर्षी करोनामुळे बरेच महिने मंदिरे बंद राहिली. नंतरही ती दिसली नाही. बंदे का हक बंद्यानेच माफ करावा लागतो, असे उलेमा सांगतात. दुकानदाराने मध्यंतरी विचारले, "चाचा, हे दोन नग विकून टाकू का? जागा अडते." मी त्याला म्हणालो, "राहू द्या. जागेचे भाडे मी देतो."