भाजलेली अंडा-वडी: तेल कमी, वाटे सारखे

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणी भाकरी थापत असाल, कोणी कापूस वेचून नुकत्याच घरी आल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

समजा, घरात खाणारी सहा माणसं आहेत आणि टोपल्यात सहा अंडी आहेत. तुम्ही आम्लेट करायला घेता. पहिलं लेकराला, दुसरं मालकांना, तिसरं सासऱ्यांना. तेवढ्यात कोणी आणखी अर्धं मागतं. करणारीच्या वाट्याला येतं ते तव्याला चिकटलेलं, नाहीतर नुसता ठेचा आणि भाकरी. यात कोणाची वाईट बुद्धी नसते. पण एकेक करून गरम वाढायचा पदार्थ असला की शेवटी बसणारीला कमी पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता तेलाचा हिशेब करू. एका आम्लेटला एक मोठा चमचा तेल धरलं, तर ते साधारण १४ ग्रॅम होतं. सहा आम्लेटना ८४ ग्रॅम. त्यातलं थोडं तव्यावर राहतं, पण बरंचसं पोटातच जातं. आज मी सांगणार आहे ती वडी सहा अंड्यांची आहे आणि तिला दोन लहान चमचे, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम तेल पुरतं. ती एकाच वेळी होते आणि कापून वाटता येते.

हलकं म्हणजे काय?

हलकं खाणं म्हणजे कमी खाणं, असा एक समज आहे. तो आपल्या बायकांच्या फार अंगाशी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईच्या ताटातलं अंडं कमी करून चालणार नाही. कमी करायचं ते तेल.

एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. बाईमाणसाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम लागतात. रक्त तयार व्हायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व अंड्यात असतं. ते भाकरीत, डाळीत, पालेभाजीत मिळत नाही. मात्र एक गोष्ट खरी सांगते, अंड्यात लोह फार नसतं आणि जे असतं तेही अंगी कमी लागतं. म्हणून अंडं खाल्लं की लोहाच्या गोळ्या बंद, असं करू नका. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवा.

भट्टी नाही, मग भाजायचं कसं?

अंडी आणि भाजी एकत्र करून मंद आचेवर थापीसारखी शिजवायची रीत बऱ्याच देशांत आहे. इराणमध्ये भरपूर पालेभाजी घालून ‘कुकू’ करतात, इटलीत ‘फ्रिटाटा’ करतात. इतकं लांब कशाला, आपल्या मुंबई-पुण्याच्या पारशी घरांत भाजीचा नाहीतर बटाट्याचा थर पसरून त्यावर अंडी फोडतात आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवतात. त्याला ‘पर ईंडू’ म्हणतात, म्हणजे वर अंडं.

शहरात हे विजेच्या भट्टीत करतात. आपल्याकडे जाड बुडाची कढई किंवा जुनं जाड पातेलं असलं की झालं. पातेल्यात बोटाच्या एका पेराएवढा वाळूचा थर द्यायचा. वाळू धुऊन, चाळून, उन्हात कडक वाळवलेली हवी. वाळूऐवजी जाडं मीठही चालतं, पण लोखंडी कढईला त्याने गंज चढतो. थरावर एक कडं किंवा लहान तिवई ठेवायची आणि तिच्यावर वडीचा डबा. वरून घट्ट झाकण.

हे काम प्रेशर कुकरमध्ये करू नका. कुकर पाण्यावर चालण्यासाठी असतो, कोरडा तापवला की खराब होतो. वाळू तापलेली असताना तिच्यात पाणी पडू देऊ नका आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका. काम झाल्यावर ती पूर्ण गार झाली की डब्यात भरून ठेवा. पुढच्या वेळी तीच वापरता येते.

साहित्य

अंडी ६ (गावरान असतील तर ७, कारण ती लहान असतात). चिरलेली पालेभाजी २ वाट्या: मेथी, पालक, तांदुळजा, कोवळी करडई किंवा शेवग्याचा पाला, जे परसात असेल ते. एक मोठा कांदा. हिरव्या मिरच्या २. लसणाच्या ५-६ पाकळ्या. मूठभर कोथिंबीर. घट्ट दही अर्धी वाटी. ज्वारीचं पीठ २ मोठे चमचे. हळद पाव चमचा, मीठ चवीपुरतं. तेल २ लहान चमचे, करडईचं असलं तर उत्तम.

कृती

आधी अंडी पारखा. पाण्यात टाकल्यावर आडवं पडतं ते ताजं. उभं राहतं ते जुनं, ते लगेच वापरून टाका. तरंगतं ते फेकून द्या. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा आणि मग भांड्यात घाला. नाहीतर एका नासक्या अंड्यापायी बाकीची पाच जातात.

पातेलं वाळूसकट झाकून मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापत ठेवा. तोवर दुसऱ्या भांड्यात एक चमचा तेलावर लसूण, मिरची आणि कांदा परता. पालेभाजी घाला आणि तिचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परतत राहा. ही पायरी गाळू नका. पहिल्यांदा मी केली तेव्हा घाईत भाजी कच्चीच घातली. वडी वरून छान दिसत होती, पण सुरी लावल्यावर खाली हिरवं पाणी. घरच्यांनी खाल्ली, पण नाक मुरडून. भाजी आटली की उतरवून गार होऊ द्या.

दह्यात ज्वारीचं पीठ कालवा, गुठळी राहू देऊ नका. शहरी कृतीत इथे साय आणि चीज घालतात. आपल्याकडे त्यांचं काम दही करतं, आणि पिठाने दही फुटत नाही, भाजीचं उरलंसुरलं पाणीही धरून ठेवलं जातं. यात अंडी, हळद, मीठ, कोथिंबीर आणि गार झालेली भाजी मिसळा. फार फेटू नका, नुसतं एकजीव करा.

वीतभर रुंदीच्या स्टीलच्या डब्याला उरलेलं तेल बोटाने सगळीकडे लावा, थोडं कोरडं पीठ भुरभुरा आणि मिश्रण ओता. थर बोटाच्या एका पेराएवढा यावा. डबा तिवईवर ठेवून झाकण लावा आणि आच मंद करा. २५ ते ३० मिनिटं लागतात. चुलीवर करणार असाल तर जाळ नको, निखारे हवेत. ताट झाकण म्हणून ठेवून त्यावरही थोडे निखारे ठेवले तर वडी वरूनही खमंग होते. आपल्या आज्या नानकटाई अशीच वर-खाली विस्तव ठेवून भाजायच्या.

आच मंद का, ते खरवस करणारीला सांगायला नको. खरवस जोरात शिजवला की त्याला भोकं पडतात आणि पाणी सुटतं. अंड्याचंही तसंच. जास्त आचेने ते आक्रसतं, आतलं पाणी बाहेर टाकतं आणि रबरासारखं चिवट होतं.

मध्यभागी सुरी खुपसून बघा. ती कोरडी निघाली आणि मधला भाग हलेनासा झाला की वडी शिजली. डबा बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवा. फुगलेली वडी थोडी खाली बसेल, ती बिघडली असं समजू नका. आतली वाफ निघून गेली म्हणून ती बसते. गरम असताना कापली तर भुगा होतो.

कोणी खावी, कशी खावी

वडीवर लिंबू पिळा, किंवा कच्चा कांदा-टोमॅटो सोबत घ्या. लिंबाच्या आंबटपणाने पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला की उलट होतं, तो तासभर लांब ठेवा. सोबत ज्वारीची भाकरी असतेच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी २०१८ मध्ये दिली आहे, तिच्यात लोह आणि जस्त जास्त असतं. बियाणं मिळालं तर घरच्या खाण्यापुरती पेरून बघा.

गरोदर बाईला अंडं ‘गरम पडतं’ म्हणून नको म्हणतात. पूर्ण शिजलेलं अंडं गरोदरपणात चालतं, तिला त्याची गरजही असते. टाळायचं ते कच्चं आणि अर्धकच्चं. सहा महिन्यांवरच्या बाळालाही चांगलं शिजलेलं अंडं चालतं. त्याच्यासाठी तिखट-मीठ न घालता वाटीभर मिश्रण वेगळं शिजवा आणि पहिल्यांदा अगदी थोडंसं देऊन अंगावर पुरळ तर येत नाही ना, ते बघा. कोणाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा वडी केली की तासाभरात संपवा. एरवी दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. कच्ची अंडी साठवताना धुऊ नका, त्यांच्यावरचं राखणारं आवरण निघून जातं. कोरडी पुसून गार जागी ठेवा आणि फोडायच्या आधी धुवा. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. आपल्या जिल्ह्यात माळकरी घरं पुष्कळ आहेत. तिथे अंडं नको असेल तर याच रीतीने डाळीचं पीठ, दही आणि पालेभाजीची वडी भाजा. तेल तितकंच कमी लागतं.

शेवटची पायरी

आता सगळ्यात महत्त्वाचं. वडी कापायची ती कोणी पानावर बसायच्या आधी. घरात जितकी माणसं, तितके सारखे वाटे, आणि त्यात एक वाटा तुमचा. तो आधीच काढून झाकून ठेवा. सून गरोदर असेल, मुलगी वयात येत असेल, तर तिचाही वाटा तसाच झाका. सुरुवातीला कोणी हसेल, हसू द्या. जी बाई सहा माणसांसाठी अर्धा तास चुलीपुढे बसते, तिला सहावा वाटा मागून घ्यायची पाळी येऊ नये.

पुढच्या बैठकीला गटातल्या प्रत्येकीने एकेक अंडं आणा, एकीने दही आणा, एकीने भाजी, आणि तिथेच करून बघा. बिघडली तर काय बिघडलं ते एकमेकींना सांगा, दुसऱ्यांदा नक्की जमेल.