माजी सैनिक आणि आक्रमक प्रचार

प्रतिस्पर्ध्याच्या धोरणाऐवजी त्याच्या चारित्र्यावरच घाव घालणारी जाहिरात ही आक्रमक प्रचाराची सर्वांत कठोर तऱ्हा होय, आणि २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत व्हिएतनाम युद्धात पदके मिळवलेले डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी तिचे लक्ष्य ठरले. ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या माजी नौसैनिकांच्या गटाने त्यांच्या शौर्याच्या नोंदींवरच शंका घेतली. हा गट करकायद्याच्या कलम ५२७ खालचा, म्हणजे उमेदवाराच्या यंत्रणेपासून औपचारिकदृष्ट्या स्वतंत्र राहून अमर्याद देणग्या घेऊ शकणारा होता. पहिली जाहिरात मोजक्याच राज्यांत प्रसारित झाली, पण वृत्तवाहिन्यांनी ती देशभर पोहोचवली आणि नौदलाची कागदपत्रे आरोपांशी जुळत नसतानाही संशय टिकला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, युद्धात दोन्ही पाय व उजवा हात गमावलेले माजी सिनेटर मॅक्स क्लेलंड या जाहिरातीच्या निषेधाचे पत्र घेऊन केरी यांचे प्रतिस्पर्धी, तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या टेक्सासमधील क्रॉफर्डच्या निवासस्थानी गेले, मात्र ते तेथे स्वीकारले गेले नाही. कॅमेऱ्यांसमोरची ही कृती प्रचाराचाच भाग होती, हे मान्य करावे लागते. तथापि २००२ मध्ये जॉर्जियात क्लेलंड यांच्याच विरोधातील जाहिरातीत ओसामा बिन लादेन व सद्दाम हुसेन यांची छायाचित्रे वापरली गेली होती, हे लक्षात घेतल्यास तिला निव्वळ दिखावा म्हणणे अन्यायाचे आहे.