जन्मप्रमाण आणि लोकसंख्या

एखाद्या प्रदेशात वर्षभरात जिवंत जन्मलेल्या बालकांची संख्या तेथील दर हजार लोकसंख्येमागे मोजली, म्हणजे त्या प्रदेशाचे जन्मप्रमाण मिळते. ५०,००० वस्तीच्या तालुक्यात वर्षाकाठी १,००० बालके जन्मली, तर तेथील जन्मप्रमाण २० होय.

परंतु केवळ या आकड्यावरून लोकसंख्या वाढेल की घटेल, हे सांगता येत नाही. १९११ ते १९२१ या दशकात भारताचे जन्मप्रमाण सुमारे ४८ होते. तरीही देशाची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर उतरली. दुष्काळ, प्लेग, हिवताप आणि १९१८ ची इन्फ्ल्युएन्झाची भीषण साथ यांमुळे मृत्युप्रमाणही जवळजवळ तितकेच होते. पाळणे पुष्कळ हलत. पण त्यांतील कित्येक वर्षाच्या आतच रिकामे होत.

पुढे साथींना आळा बसला, तसे मृत्युप्रमाण झपाट्याने उतरले. जन्मप्रमाण मात्र दीर्घकाळ फारसे ढळले नाही. १९५१ ते १९६१ या दशकात ही दोन प्रमाणे अनुक्रमे सुमारे २३ आणि ४२ होती. दहा वर्षांत लोकसंख्या ३६.१ कोटींवरून ४३.९ कोटींवर गेली. या वाढीचे मूळ जन्म वाढण्यात नव्हते, मृत्यू टळण्यात होते.

त्यानंतर जन्मप्रमाणही उतरू लागले. २०२० साली ते १९.५ होते, तर मृत्युप्रमाण ६. स्थिर लोकसंख्येसाठी दर स्त्रीमागे सरासरी सुमारे २.१ अपत्ये पुरेशी मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही सरासरी २.० आढळली. मग लोकसंख्या लगेच का स्थिरावत नाही? पूर्वीच्या मोठ्या पिढ्यांत जन्मलेल्या मुली आज मातृत्वाच्या वयात आहेत. प्रत्येकीची अपत्ये थोडी असली, तरी अशा स्त्रियांची संख्याच मोठी आहे. कुंभाराने दांडा काढून घेतला, तरी चाक काही काळ फिरतच राहते. तसेच हे आहे.

म्हणून जन्मप्रमाण एकटे वाचू नये. त्याच्याशेजारी मृत्युप्रमाण आणि लोकांची वयवारी ठेवावी. आज जन्मलेले बालक सहा वर्षांनी शाळेच्या दारी येईल, विसाव्या वर्षाच्या सुमारास काम मागेल आणि साठीनंतर आधाराची अपेक्षा करील. जन्माची नोंद वेळेवर व बिनचूक झाली, तर शाळा, रोजगार आणि वृद्धांची सोय यांची तयारी समाजाला आधीच करता येते.