खेळातून कादंबरीकडे : स्टीव्हन एरिक्सन

खेळ आणि कथा यांचे नाते जुने आहे. द्यूताचा पट मांडला जातो आणि त्यातून महाभारताचे युद्ध उभे राहते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु तेथे खेळ हा कथेतील एक प्रसंग आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा जो खेळ प्रसिद्ध केला, त्यात मात्र खेळणे म्हणजेच कथा रचणे होय.

या खेळाची रीत सोपी आहे. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो. नगरे, अरण्ये, शत्रू, संकटे यांचे वर्णन तो करतो. इतरांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो व ते पात्र काय करील हे सांगतो. कृती धोक्याची असल्यास ती साधली की फसली, हे फासे ठरवितात. त्यामुळे कथा पुढे कोणत्या वळणाने जाईल, हे सूत्रधारासही आधी ठाऊक नसते.

या खेळातून जे कादंबरीकार घडले, त्यांत स्टीव्हन एरिक्सन यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचे मूळ नाव स्टीव्ह रून लुंडिन. १९५९ साली कॅनडातील टोरांटो येथे त्यांचा जन्म झाला. मानवशास्त्र व पुरातत्त्व या विषयांचे शिक्षण घेऊन त्यांनी उत्खननाची कामे केली. त्यांचे मित्र इयान कॅमेरॉन एसलमॉन्ट हेही पुरातत्त्वज्ञ. १९८२ च्या सुमारास या दोघांनी आपल्या खेळासाठी मलाझान साम्राज्याचे जग कल्पिले. पुढे १९८६ साली निघालेल्या 'गर्प्स' या खेळाचे नियम त्यांनी स्वीकारले. जग मात्र तेच राहिले.

या जगावर आधारलेली पहिली कृती कादंबरी नव्हती, ती चित्रपटाची संहिता होती. तिला निर्माता मिळाला नाही. तेव्हा १९९१-९२ च्या सुमारास एरिक्सन यांनी तिची कादंबरी केली. 'गार्डन्स ऑफ द मून' या नावाने ती प्रसिद्ध झाली १९९९ साली. मधली वर्षे लेखकाच्या चिकाटीची परीक्षा पाहणारी होती. त्यानंतर मात्र दहा खंडांची ही मालिका २०११ मध्ये 'द क्रिपल्ड गॉड' या खंडाने पूर्ण झाली.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. खेळाचा वृत्तान्त लिहून काढला की कादंबरी होते काय? तसे होत नाही. खेळणाऱ्याला आपले पात्र जिवलग असते, कारण त्याचे निर्णय त्याने स्वतः घेतलेले असतात. वाचकाच्या हाती निर्णय नसतात. त्याला जिव्हाळा वाटावा म्हणून लेखकाला पात्राचे अंतरंग शब्दांनी उभे करावे लागते. पहिल्या खंडात वाचक एकदम युद्धाच्या धामधुमीत जाऊन पडतो. ओळख करून देण्यास कोणी थांबत नाही. अनेकांना हा खंड दुर्बोध वाटला तो यामुळेच.

तथापि खेळाने दिलेले ऋणही मोठे आहे. कथेपूर्वीच या जगाला इतिहास होता. एकावर एक साचलेल्या संस्कृतींचे थर वाचताना पुरातत्त्वज्ञाची दृष्टी जाणवते. दुसरे असे की, फासा कोणाचीही भीड धरीत नाही. या कादंबऱ्यांतही पराक्रमी पात्रे अकस्मात मरतात, आणि सामान्य सैनिकाचे मरण सेनापतीच्या मरणाइतकेच गंभीरपणे सांगितले जाते. मालिकेच्या नावातच रणात पडलेल्यांचा उल्लेख आहे, तो अन्वर्थक होय.

तिसरे ऋण मैत्रीचे. दोघांनी निर्मिलेल्या या जगावर एकट्याचा हक्क सांगितला गेला नाही. २००४ साली एसलमॉन्ट यांची 'नाइट ऑफ नाइव्ह्ज' प्रसिद्ध झाली आणि त्याच साम्राज्याची दुसरी बाजू त्यांच्या लेखणीतून उलगडू लागली. एकाच भूमीचा इतिहास दोन हातांनी लिहिला जावा, अशी उदाहरणे साहित्यात विरळाच. एका टेबलाशी बसून, एकमेकांची कल्पना पुढे नेत कथा रचण्याची सवय या दोघांना होती. त्या सवयीचेच हे फळ म्हणावे लागेल.