इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स

आंतरराष्ट्रीय संबंध व भारताचे परराष्ट्रधोरण यांच्या अभ्यासास वाहिलेली नवी दिल्ली येथील संस्था. तेज बहादूर सप्रू (१८७५–१९४९) व हृदयनाथ कुंझरू (१८८७–१९७८) यांच्या पुढाकाराने ती १९४३ मध्ये स्थापन झाली. सप्रू हे तिचे पहिले अध्यक्ष होत. आरंभी ही पूर्णतः खाजगी संस्था होती. २००१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा प्राप्त झाला. तिचे कार्यालय व ग्रंथालय बाराखंबा मार्गावरील ‘सप्रू हाउस’ या वास्तूत आहे.

परराष्ट्रधोरणाचा शासनाबाहेर राहून पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या संस्था पहिल्या महायुद्धानंतर उदयास आल्या. पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी १९१९ मध्ये एकत्र आलेल्या ब्रिटिश व अमेरिकन तज्ज्ञांना अशा संस्थांची निकड जाणवली. त्यातून लंडन येथे १९२० मध्ये एक संस्था निघाली. तीच पुढे ‘चॅटम हाउस’ या तिच्या वास्तूच्या नावाने ओळखली जाऊ लागली. न्यूयॉर्क येथे १९२१ मध्ये ‘कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स’ स्थापन झाली. ‘थिंक टँक’ ही संज्ञा अशा संस्थांना पुष्कळ नंतर लावली जाऊ लागली. संशोधन, अभ्यासगट, व्याख्याने, नियतकालिके व ग्रंथालय ही त्यांच्या कार्याची दृश्य अंगे होत. परंतु अधिकारी, अध्यापक, पत्रकार व राजकीय कार्यकर्ते यांना एकत्र बसून मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यांचा खरा उपयोग मानला जातो.

भारताची त्या काळातील स्थिती चमत्कारिक होती. व्हर्सायच्या तहावर भारताची सही होती आणि राष्ट्रसंघाचा तो मूळ सदस्य होता. तथापि त्याचे परराष्ट्रधोरण लंडनमध्ये ठरत असे. साहजिकच त्याविषयीचे ज्ञानही मूठभर अधिकाऱ्यांपुरते मर्यादित राहिले. १९३६ मध्ये निघालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स ही संस्था चॅटम हाउसशी संलग्न होती व तिच्यावर सरकारी वर्तुळाचा प्रभाव होता. भारतीय दृष्टिकोनातून जगाकडे पाहणारी स्वतंत्र संस्था असावी, या विचाराने सप्रू व कुंझरू यांनी नवी परिषद काढली. त्या वेळी काँग्रेसचे प्रमुख नेते अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, त्यामुळे या कार्याचा भार प्रामुख्याने नेमस्त परंपरेतील मंडळींनी उचलला. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्यापूर्वी त्यांचा कसून अभ्यास करावा, हा गोखल्यांचा दंडक परिषदेच्या सुरुवातीच्या कामात स्पष्ट दिसतो. परिषद संस्था म्हणून कोणत्याही प्रश्नावर स्वतःचे मत मांडणार नाही, प्रकाशनांतील मते त्या त्या लेखकाची समजावीत, असाही नियम तिने स्वीकारला. १९४५ पासून इंडिया क्वार्टर्ली हे तिचे त्रैमासिक प्रसिद्ध होऊ लागले.

परिषदेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे २३ मार्च ते २ एप्रिल १९४७ या काळात दिल्लीच्या पुराना किल्ल्यात भरलेली आशियाई संबंध परिषद. तिची कल्पना जवाहरलाल नेहरूंची होती व उद्‌घाटनही त्यांनीच केले. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू होत्या. अखेरच्या दिवसांत महात्मा गांधींचे भाषण झाले. अरब देशांपासून सोव्हिएट मध्य आशियातील प्रजासत्ताकांपर्यंत निरनिराळ्या भागांतून दोनशेहून अधिक प्रतिनिधी व निरीक्षक आले. मुस्लिम लीगने मात्र परिषदेवर बहिष्कार टाकला. स्वातंत्र्यचळवळी, वांशिक प्रश्न व स्थलांतर, आर्थिक विकास, सांस्कृतिक प्रश्न, स्त्रियांचा दर्जा इ. विषयांवर गटवार चर्चा झाली. निमंत्रणे सरकारने नव्हे, तर एका बिनसरकारी संस्थेने पाठविली होती, ही बाब महत्त्वाची आहे. अनेक देश अद्याप परतंत्र असल्याने सरकारी पातळीवर त्यांना बोलाविणे अवघड होते. खाजगी संस्थेस तसा अडसर नव्हता. तिबेटचे स्वतंत्र शिष्टमंडळ याच मार्गाने येऊ शकले. मात्र ही ढाल पुरी पडली नाही. सभागृहातील आशियाच्या नकाशात तिबेट चीनपासून वेगळा दाखविला होता. चिनी प्रतिनिधींनी त्यास हरकत घेतल्यावर नकाशात बदल करावा लागला. पुढील अधिवेशन १९४९ मध्ये चीनमध्ये भरावयाचे होते, ते भरलेच नाही.

स्वातंत्र्यानंतरची सुमारे दोन दशके परिषदेच्या भरभराटीची होत. पॅसिफिक संबंधविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९५० चे लखनौ अधिवेशन तिच्या यजमानपणाखाली भरले. १९५२ मध्ये फॉरिन अफेअर्स रिपोर्ट्स हे मासिक सुरू झाले. परिषदेने नेमलेल्या अभ्यासगटाचा भारत व संयुक्त राष्ट्रे यांच्या संबंधांवरील ग्रंथ १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. सप्रू हाउसचे उद्‌घाटन १९५५ मध्ये नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच वर्षी परिषदेच्या आश्रयाने ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही पदव्युत्तर संशोधनसंस्था निघाली. परिषदेचे कार्यवाह ए. अप्पादोराय हे तिचे संचालक झाले. तिला १९६१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. देशातील आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या अध्यापनाचा पाया तिनेच घातला, असे म्हणता येईल.

या विलीनीकरणाने परिषदेची मोठी हानी झाली. संशोधक गेले, वास्तू, ग्रंथालय व सभासदांची यादी एवढेच उरले. कुंझरूंच्या निधनानंतर नेतृत्वही दुबळे झाले. निश्चित उत्पन्न नसल्याने सभागृह भाड्याने देण्यावर भिस्त ठेवावी लागली. त्यामुळे १९८० च्या सुमारास सामान्य दिल्लीकराला सप्रू हाउस हे नाव परराष्ट्रनीतीपेक्षा तेथे होणाऱ्या पंजाबी विनोदी नाटकांमुळे अधिक परिचित होते. व्यवस्थापनाविषयी तक्रारी वाढल्या व केंद्र सरकारने १९९० मध्ये वटहुकूम काढून संस्था ताब्यात घेतली. त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले; पुढे संसदेत कायदा संमत न झाल्याने वटहुकूम व्यपगत झाला. १ सप्टेंबर २००० रोजी पुन्हा वटहुकूम निघाला व २००१ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

या कायद्यानुसार भारताचे उपराष्ट्रपती परिषदेचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. महासंचालकाची नियुक्ती केंद्र सरकार करते व खर्चाचा भार परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानातून भागतो. महासंचालकपदी सामान्यतः परराष्ट्रसेवेतील अधिकारी येतात. शासकीय आधाराने वास्तू व ग्रंथालय सावरले, संशोधकांची नेमणूक होऊ लागली आणि परदेशांतील समान संस्थांशी करार झाले. आशिया-पॅसिफिक प्रदेशातील सुरक्षाविषयक सहकार्याच्या बिनसरकारी मंडळात परिषद भारताचे प्रतिनिधित्व करते. परंतु ज्या सरकारी वर्चस्वापासून दूर राहण्यासाठी १९४३ मध्ये ती निघाली, तेच स्वतंत्र भारतात दुसऱ्या रूपाने तिच्या वाट्यास आले, ही टीका निराधार म्हणता येत नाही. धोरणाची अंमलबजावणी करणाऱ्या मंत्रालयाच्या पैशावर चालणारी संस्था त्या धोरणाची कठोर चिकित्सा कितपत करील, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसऱ्या बाजूस, पूर्ण स्वायत्त असतानाच ती डबघाईस आली होती, हेही खरे. पाश्चात्त्य देशांत अशा संस्थांना उद्योगपती व प्रतिष्ठाने यांच्या मोठ्या देणग्या मिळतात. सप्रू-कुंझरूंच्या परिषदेस तसा कायम निधी कधीच उभारता आला नाही. इंडिया क्वार्टर्ली मात्र आजही निघते.